चांदण्या कापून उरलेलं

ऑगस्टमध्ये माझ्या भाचीचा सहावा वाढदिवस होता. केक घरीच सजवायचा, असं तिनं जाहीर केलं. मामा सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे नियोजन माझ्याकडे आलं. मी निळं आणि पांढरं फाँडंट आणलं (फाँडंट म्हणजे पोळीसारखी लाटता येणारी साखरेची कणीक) आणि त्याबरोबर कटरचा एक संच: चांदणी, चंद्र, बदाम, फूल. केकवर निळं आकाश आणि त्यावर सारख्या अंतरावर चोवीस पांढऱ्या चांदण्या. आलेखाच्या कागदावर मी तसं चित्रही काढलं होतं.

पुण्याच्या पावसाळी हवेत साखर घाम गाळते. पहिल्या पाच चांदण्या कटरमध्येच अडकल्या. मग कळलं, की लाटलेली पोळी दहा मिनिटं तशीच सुकू द्यायची, कटर कॉर्नफ्लॉवरमध्ये बुडवायचा आणि सरळ खाली दाबायचा. भाची दाबत होती, मी मोजत होतो. चोवीस झाल्या. मी त्या ताटात रांगेनं मांडत होतो, तोवर तिनं उरलेली पोळी दोन्ही हातांनी उचलली. चोवीस भोकं पडलेली ती पांढरी जाळी तिनं निळ्या केकवर अंथरली. भोकांतून निळ्या चांदण्या दिसू लागल्या.

"ह्या पण चांदण्याच आहेत की," ती म्हणाली.

मी ती जाळी उचलली, चुरगळून गोळा केला आणि बाजूला ठेवला. "अगं, ते उरलेलं आहे." ती रडली नाही. "मग तूच कर," म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. केक अगदी चित्रासारखा झाला. फोटोही छान आले. फोटोत ती केककडे बघत नाहीये.

माफी मागायची वेळ आली, की आम्ही इंजिनिअर लोक वाचायला बसतो. त्या रात्री मी कटरचा इतिहास वाचायला घेतला.

कटरशी माझी ओळख कॉलेजातली. प्रोग्रॅमिंगच्या तासाला 'क्लास' म्हणजे कुकी कटर आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे त्यातून निघालेली कुकी, असं शिकवतात. त्यामुळे साचा आणि कटर माझ्या डोक्यात एकच होते. ते एक नाहीत, हे मला पहिल्यांदा त्या रात्री कळलं.

युरोपात आधी आला तो साचा. जर्मन भाषक प्रदेशांत मध आणि मसाले घातलेली कणीक लाकडी साच्यांत दाबायचे. साचे नासपतीसारख्या घट्ट लाकडात कोरलेले असत. आत संत, घोडेस्वार, राजघराण्यांची चिन्हं. न्यूर्नबर्गमध्ये १६४३ साली अशा मसालेदार लेबकुखेन भाजणाऱ्यांचा स्वतःचा वेगळा संघ झाला. तो जिनसा कुणी करायच्या, हे मग संघाच्या हातात. साखरेचंही असंच. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ह्यू प्लॅटचं 'डिलाइट्स फॉर लेडीज' हे पुस्तक आलं. त्यात साखरेच्या पिठापासून आकार घडवण्याच्या कृती आहेत. त्या काळी डिंक गुलाबपाण्यात भिजवून त्यात बारीक साखर मळायचे. आपलं फाँडंट त्याच घराण्यातलं. पण साखर महाग होती. तिच्या वस्तू श्रीमंतांच्या मेजवानीत मांडल्या जात, मुलांच्या हातात पडत नसत.

साच्याची गोष्ट अशी, की चित्र त्यात आधीच पूर्ण असतं. घोड्याची आयाळ, स्वाराचा टोप, झग्याच्या चुण्या, सगळं कोरणाऱ्यानं ठरवलेलं. दाबणाऱ्यानं फक्त दाबायचं.

कटर मात्र पत्र्याचा. कथिलाचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याची पट्टी वाकवायची, टोकं डाखून जोडायची, झाला कटर. त्याला कोरीवकाम लागत नाही आणि खर्चही थोडा. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांसाठी तिथले कारागीर असे कटर करत: पक्षी, हृदय, घोडे, माणसं. पण पत्र्याच्या पट्टीला आयाळ कोरता येत नाही. ती फक्त बाहेरची रेघ देते. आतलं सगळं कोरं. डोळे कुठे, बटणं किती, तोंड हसरं की रडवं, हे आता कुकी सजवणाऱ्यानं ठरवायचं. स्वस्ताईसाठी केलेल्या या बदलामुळे मुलांना करण्यासारखं काहीतरी उरलं.

या वाचनात १८७५ हे साल दोनदा भेटलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात आल्याच्या कुकीच्या पोराची गोष्ट छापून आली. म्हातारी त्याला भट्टीत भाजते आणि तो उडी मारून पळून जातो. आकार दिला, तरी पोरगा हाताला लागत नाही. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अलेक्झांडर अॅशबोर्न यांना बिस्किट कटरचं पेटंट मिळालं, क्रमांक १,७०,४६०. आफ्रिकन-अमेरिकन संशोधकांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं जातं. अमेरिकेतलं बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे, मऊ पावासारखं असतं. एकेक आकार कापत बसण्याऐवजी एका दाबात काम उरकावं, हा त्यांचा विचार. त्याच वर्षी घरगुती वापरासाठी खोबरं तयार करण्याच्या प्रक्रियेचंही पेटंट त्यांनी घेतलं होतं. कटर आणि खोबरं एकाच माणसाच्या नावावर बघून मला आमच्या घरची करंजी आठवली. आणि करंजीबरोबर कातणं.

आजीचं कातणं पितळेचं होतं. एका टोकाला नागमोडी चाक, दुसऱ्या टोकाला चपटी मूठ. त्याचे भाऊबंद जगभर आहेत. पोपच्या स्वयंपाकघरात काम केलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पीच्या १५७० सालच्या ग्रंथात स्वयंपाकाच्या अवजारांची चित्रं आहेत, त्यांत असं दातेरी चाकही दिसतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या नँटकेट आणि न्यू बेडफर्ड बंदरांतून देवमाशांच्या शिकारीला जाणारी जहाजं तीन-तीन, चार-चार वर्षं परतत नसत. रिकाम्या वेळात खलाशी देवमाशाच्या दातांतून आणि हाडांतून अशी चाकं कोरत, घरच्या बायकांनी पायची कड दाबावी, कापावी म्हणून. ती चाकं आज संग्रहालयांत आहेत.

कातणं तर कटरच्याही पुढे जातं. ते रेघसुद्धा आखून देत नाही, फक्त तिची कड नागमोडी करतं. रेघ कुठे जाणार, ते हात ठरवतो. दिवाळीत शंकरपाळ्यांची पोळी लाटून आजी कातणं माझ्या हातात द्यायची. माझे चौकोन कधीच चौकोन नसत. त्रिकोण, होड्या, एकदा तर अख्खा मारुती. आजी ते सगळं तळायची आणि वेगळ्या डब्यात भरायची. "हा तुझा डबा." पाहुण्यांसाठी आईच्या हातचे सरळ चौकोन असत. कडेच्या उरलेल्या पट्ट्यांनाही ती पुन्हा मळून पोळीत ढकलत नसे. त्या तशाच तळून आधी मलाच द्यायची.

मुलांसाठी कणीक हवी, पण ती खाण्याची नसली तरी चालेल, हे जगाला बरंच उशिरा सुचलं. अमेरिकेत भिंतीच्या कागदावरची काजळी पुसायला एक मऊ लगदा विकत मिळायचा. के झुफॉल या बालवाडीच्या शिक्षिकेनं मुलांकडून त्याची ख्रिसमसची सजावट करून घेतली. तोच लगदा १९५६ मध्ये 'प्ले-डो' या नावानं खेळणं म्हणून बाजारात आला. सफाईचं सामान मुलांच्या हाती पडलं आणि त्याचं काम बदललं. त्यांच्या जागी मी असतो, तर मुलांना डब्यावरच्या सूचना वाचून दाखवल्या असत्या.

कॉलेजातलं ते उदाहरण मी तेव्हापासून मनात बरेचदा तपासलं. त्यात कटर असतो, कुकी असते. उरलेल्या कणकेचा उल्लेख कधीच नसतो. मीही ऑगस्टमध्ये तेच केलं. पत्र्याची पट्टी पोळीचे दोन भाग करते, आतला आणि बाहेरचा. कड दोघांची एकच असते. माझ्या भाचीला ते सहाव्या वर्षी दिसलं, मला दाखवूनही दिसलं नाही.

दिवाळीत ताई आणि भाची आमच्याकडे आल्या. शंकरपाळ्यांची पोळी मी लाटली, बरीच वेडीवाकडी. आजीचं कातणं चिंचेनं घासून ठेवलं होतं. ते भाचीच्या हातात दिलं.

तिनं विचारलं, "कसं कापू?"

"तुला हवं तसं."

तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. "नंतर तू नीट करणार का?"

"नाही."

ती कामाला लागली. मी कढईपाशी उभा राहून, जे येईल ते तळत गेलो. मग ताईकडे एक रिकामा डबा मागितला.