एकाच छपराखाली : घरमालक आणि बिऱ्हाडकरू

वास्तूचा एक भाग स्वतःकडे ठेवून उरलेल्या खोल्या भाड्याने द्याव्यात व त्या उत्पन्नावर घराचा भार पेलावा, ही पद्धत विसाव्या शतकात पुण्याच्या वाड्यांत रूढ होती. अंगण, नळ सामाईक असल्याने हा संबंध केवळ आर्थिक नव्हता.

बाल्झाकच्या ‘पेअर गोरिओ’ या कादंबरीत (१८३५) मादाम व्होकेरही भाडेकरूंसमवेतच राहते. पण ऐपत घटताच गोरिओला वरच्या, स्वस्त मजल्यावर सरकावे लागते. भाड्याची सत्ता तेथे मालकिणीच्या हाती आहे. पुण्यात ती १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने संपविली. पूर्वीपासून भाड्याने असलेल्या जागांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले. टंचाईच्या काळात भाडेकरूला त्यामुळे आधार मिळाला, हे निर्विवाद. परंतु दुरुस्तीचा खर्च वाढत गेला आणि वाडे खचत राहिले. गोठलेल्या भाड्याची ही तरतूद आता वाजवी उरली नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

गळके छप्पर न शाकारणारा घरमालक कृपण होता की निष्कांचन, हा प्रश्न म्हणूनच केवळ स्वभावचित्रणाचा राहत नाही. भाडेपावतीवरील आकडाही समीक्षकाने वाचावयास हवा.