दोन सिस्टिम, एकच दार

परवा जव्हारच्या घरी कपाट आवरताना उबुंटूची जुनी सीडी सापडली. २००८ साली पोस्टाने फुकट आली होती, थेट परदेशातून! (ती योजना २०११ साली बंद झाली.)

तेव्हा घरच्या पीसीवर एक्सपी आणि उबुंटू दोन्ही सुखाने नांदत होत्या. आजोबांच्या मोखाड्याच्या आठवणी मी उबुंटूत टाइप करून ठेवल्या होत्या. आजोबा गेले, आणि काही महिन्यांनी पीसीत व्हायरस शिरला. एक्सपी पुन्हा टाकली तर उबुंटू गायब! सुरुवातीचा मेनूच येईना. घामच फुटला..

याचं मूळ १९८३ सालात आहे. आयबीएमच्या एक्सटी पीसीबरोबर हार्डडिस्क आली, आणि तिचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मशीन सुरू करण्यासाठी राखला गेला. त्यात प्रोग्रामला जेमतेम ४४६ बाइट, डिस्कच्या भागांच्या यादीला ६४, उरलेले २ खुणेचे. माझ्या पीसीत त्या जागी ग्रब होता, १९९५ साली एरिक बोलिन यांनी लिहिलेला. एक्सपीने न विचारता त्याच्यावर आपला प्रोग्राम लिहिला. म्हणजे दारावरची पाटी बदलली होती, घर शाबूत होतं!

त्याच सीडीवरून मशीन सुरू केलं, टर्मिनलमध्ये ग्रब उघडला आणि 'फाइंड', 'रूट', 'सेटअप' या तीन कमांड दिल्या, लोडशेडिंगच्या आधी! मेनू आला. आजोबांची फाइल जागच्या जागी होती.

आता यूईएफआयमुळे प्रत्येक सिस्टिमची सुरुवातीची फाइल वेगळी असते, त्यामुळे भांडणं कमी. तरी मी आधी बॅकअप घेतो, मगच हात लावतो. असो.