केबलवाल्याचं चॅनेल

मुंबईतल्या टीव्हीचा इतिहास २ ऑक्टोबर १९७२ पासून सांगतात. त्या दिवशी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे यांनी दिलेल्या बातम्या, ‘गजरा’, ‘छायागीत’ यांवर भरपूर लिहिलं गेलंय, आणि ते योग्यच आहे. पण अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथे आणखी एक टीव्ही स्टेशन होतं. एक कशाला, दर दोन-चार गल्ल्यांमागे एक. त्याला धड नावही नसायचं. लोक म्हणायचे, ‘केबलवाल्याचं चॅनेल’.

दूरदर्शन यायचं ते गच्चीवरच्या अँटेनातून, आणि उपनगरातल्या सगळ्या अँटेनांचं तोंड वरळीच्या टॉवरकडे. टीव्ही बाळगायला तेव्हा पोस्टातून लायसन्स काढावं लागे. १५ ऑगस्ट १९८२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ दिल्लीकडे गेली. केंद्र राहिलं वरळीत, पण ऐन जेवणाच्या वेळी ते दिल्लीचं बोलू लागलं.

त्याच दशकात व्हीसीआर आले. एकेकट्या घराला ते परवडत नव्हते. मग कुणीतरी एक व्हीसीआर घ्यायचा, बिल्डिंगभर तारा टाकायचा आणि महिन्याचे पैसे घेऊन रात्री पिक्चर दाखवायचा. उपनगरातल्या सोसायट्या एकमेकींना खेटून असल्याने तार या गच्चीवरून त्या गच्चीवर सहज जाई. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सीएनएनवर थेट दिसलं, त्याच वर्षी स्टार आला, २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही. केबलवाल्यांनी गच्च्यांवर डिश बसवल्या.

आता यातली गंमत. ॲनालॉग केबलमध्ये प्रत्येक चॅनेलला स्वतःची फ्रिक्वेन्सी असते. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये, म्हणजे बहुधा एखाद्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, हे सगळे सिग्नल एकत्र होऊन तारेत जायचे. एखादी फ्रिक्वेन्सी रिकामी असली की तिथे मॉड्युलेटर लावायचा, त्याला व्हीसीआर जोडायचा. झालं टीव्ही स्टेशन!

त्यावर शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारी दिसायचा, अर्थात चोरीचा. खालून पट्टी सरकायची: दहावीचे क्लास, फरसाणचं दुकान, दातांचा डॉक्टर, फ्लॅट विकणे आहे. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही एकाच पट्टीत, शुद्धलेखनाची फिकीर न करता. गणपतीत मंडळाची आरती, फॅन्सी ड्रेस, वक्तृत्व स्पर्धा. नवरात्रात गरबा. कॅमेरा लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचाच, त्यामुळे गरब्यावरही हृदयाच्या आकाराचे इफेक्ट पडत. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावणार असं कळलं की ज्यांची पोरं स्टेजवर होती ती सगळी घरं टीव्हीसमोर.

यात भाबडं होण्यासारखं काही नाही. धंदा अर्धा पायरसीवर चालायचा, एरियावरून मारामाऱ्या व्हायच्या, आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाचं चित्रीकरण किती वेळ दाखवायचं हे पत्रकारितेच्या निकषांवर ठरत नसे. तरी एक गोष्ट उरतेच. अल्फा मराठी १९९९ मध्ये आलं. तोवर टीव्हीवर मराठी म्हणजे मुख्यतः दूरदर्शन. आणि आपल्या गल्लीतलं मराठी ऐकायचं असेल, तर हे एवढंच.

१९९५ च्या केबल कायद्याने केबलवाल्याला नोंदणी करणं भाग पडलं. कुठे? हेड पोस्ट ऑफिसात. टीव्हीचं लायसन्स काढायला लोक जायचे त्याच खात्याच्या खिडकीवर! पुढे सिटीकेबल, हॅथवे, इन केबल या मोठ्या कंपन्या आल्या. बऱ्याच गच्च्यांवरच्या डिश निघाल्या, केबलवाले कंपनीचा सिग्नल घरोघर पोचवू लागले. तरी रिकामी फ्रिक्वेन्सी शिल्लक होती, म्हणून गणपती चालू राहिले.

ती गेली ३१ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री. मुंबईत ॲनालॉग केबल बंद झाली, सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. आता सगळी चॅनेल कंपनीच्या मुख्य केंद्रातच एकत्र बांधून, कुलूप लावून येतात. मध्येच गल्लीतलं काही घुसवायला जागा नाही. पोटमाळ्यावरचा मॉड्युलेटर भंगारात गेला. प्रेक्षकांनी कुरकुर केली ती बॉक्सच्या पैशांवरून, आणि पिक्चर स्वच्छ दिसायला लागल्यावर तीही थांबली. केबलवाले आता वायफाय देतात. मंडळं आरती फोनवरून लाइव्ह करतात. ती पाहायला मंडळाचं पान माहीत असावं लागतं. पूर्वी चॅनेल बदलता बदलता शेजारच्या गल्लीतला गणपती आपोआप भेटायचा.

दूरदर्शनकडे निदान संग्रह आहे. इथे एकच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरली जायची: गेल्या वर्षीच्या आरतीवर यंदाची आरती. उरल्यासुरल्या असतीलच तर फोटो स्टुडिओच्या माळ्यावर, लग्नाच्या कॅसेटींच्या गठ्ठ्यात, मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरत. आणि त्या लावायच्या कशावर? व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं.