सरपणाची बेगमी

लढाया, तह आणि वंशावळी ह्यांनीं आमच्या इतिहासग्रंथांचीं पानें भरलीं आहेत. परंतु ज्या चुलीवर रयतेची भाकरी भाजली, तिच्या जळणाची विचारपूस इतिहासकार क्वचितच करतो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत बोरी हें गांव आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. ह्या गांवाच्या निमित्तानें त्या उपेक्षित विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधावें, असें आम्हांस वाटतें.

ह्या काळ्या जमिनीच्या प्रदेशांत जळाऊ लाकडाची रेलचेल कधींच नव्हती. बांधावरची बाभूळ, कपाशी वेंचून झाल्यावर उपटलेली पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, ज्वारीचीं धसकटें आणि शेणाच्या गोवऱ्या, एवढीच काय ती सरपणाची मिळकत. प्रत्येकीचा गुण निराळा. तुराटी भर्रकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते. पऱ्हाटी तिच्याहून थोडी टिकते. बाभळीचा निखारा मात्र बराच वेळ धग धरून राहतो. गोवरी मंद जळते, म्हणून दूध तापविण्यास आणि रात्रीं राखेखालीं विस्तव जपून ठेवण्यास तिच्यासारखें दुसरें जळण नाहीं. काडेपेटी घरोघर पोहोंचण्यापूर्वीं हा विस्तव विझला तर सकाळीं शेजारणीच्या दारीं जावें लागे.

सरपण मिळविण्याहून तें कोरडें राखणें अधिक कठीण. मृग लागण्यापूर्वीं बेगमी झाली नाहीं, तर पुढील चार महिने ओल्या जळणाचा धूर आणि डोळ्यांचें पाणी हें घरच्या बाईच्या नशिबीं ठरलेलेंच. उन्हाळ्यांत गोवऱ्या कडक वाळवून त्यांचा उडवा रचीत आणि त्यास वरून शेणाचा जाड लेप देत, म्हणजे पावसाचें पाणी आंत शिरत नसे. मग एका बाजूस लहानसें भगदाड पाडून लागतील तेवढ्याच गोवऱ्या काढावयाच्या. ज्या बायकांनीं ही रचना पिढ्यान् पिढ्या केली, त्यांस कोणी स्थापत्यविशारद म्हटलें नाहीं, ही गोष्ट वेगळी! पऱ्हाटीची गंज परसांत, आणि थोड्या तुराट्या जनावरांच्या कोठ्यांत छपराखालीं, अशी एकंदर व्यवस्था असे.

परंतु उडव्यासाठीं जनावरें हवींत, पऱ्हाटीसाठीं शेत हवें, आणि दोहोंसाठीं परसाची जागा हवी. ज्याच्यापाशीं ह्यांतलें कांहींच नाहीं, त्यानें रानांत वेंचावें किंवा मोळी विकत घ्यावी. चैत्रांत गाडीभर जळण घेऊन ठेवणारा आणि श्रावणांत रोजची मोळी घेणारा ह्यांस एकच भाव पडत नाहीं. आणि दुसरा मनुष्य दरिद्री असल्यामुळेंच अधिक मोल देतो. बेगमी ही देखील एक प्रकारची संपत्तीच आहे, हें आमच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत क्वचितच शिकविलें जातें.

शेतकरी शेण जाळून खत फुकट घालवितो, हा आरोप जुना आहे. 1889 सालीं हिंदुस्थानांत आलेला कृषिरसायनज्ञ व्होल्कर ह्यानें 1893 सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांत ह्याचें कारण स्पष्ट मांडलें: लाकूड मिळत नाहीं म्हणून शेण जळतें, सबब गांवोगांव जळणाचीं व चाऱ्याचीं राखीव रानें वाढवावींत. त्यापूर्वीं दहा वर्षें, 1883 सालीं, जोतीराव फुले ह्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना, जंगलांतला लाकूडफाटा विकून पोट भरणाऱ्या शेतकऱ्याचा तो आधार जंगलखात्यानें कसा तोडला, हें दाखविलेंच होतें. दोघांचा विषय ब्रिटिश मुलखाचा असला, तरी शेण आणि सरपण ह्यांचें नातें निजामाच्या हद्दींत कांहीं निराळें नव्हतें. आमच्या मतें फुल्यांचें निदान अधिक मर्मग्राही. रान वाढवा असें सांगणें सोपें, तें कोणाच्या हातीं राहील हा खरा प्रश्न होता.

घासलेट खेड्यांत प्रथम आलें तें चुलीसाठीं नव्हे, दिव्यासाठीं. चार गॅलनांचा डबा दुकानदारानें फोडावा आणि गिऱ्हाइकानें बाटली घेऊन पावशेर-अर्धा शेर न्यावें, असा तो व्यवहार. रिकाम्या डब्याचें मोल तेलाच्या खालोखाल. त्यांत धान्य राहिलें, पाणी राहिलें. 1942 सालीं ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं पडला, तेथील तेलखाणी माघार घेणाऱ्या इंग्रजांनींच निकामी केल्या, आणि घासलेटाची टंचाई खेड्यापाड्यांतल्या चिमणीपर्यंत येऊन पोहोंचली. दूरच्या युद्धाचा असा प्रत्यय फार थोड्या वस्तूंनीं दिला असेल.

2016 सालीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबाघरीं गॅसची शेगडी आली. धुरापासून बाईची सुटका होते, हा लाभ लहान नव्हे. परंतु घरगुती टाकींत 14.2 किलो वायु असतो, आणि तिचें मोल एकरकमी द्यावें लागतें. बाटलीभर घासलेटाप्रमाणें चार आण्यांचा गॅस मिळत नाहीं. पांच किलोची लहान टाकी निघाली ती ह्याच अडचणीवर तोड म्हणून; पण तिचेंहि मोल एकरकमीच द्यावें लागतें. म्हणून चहा आणि पाहुण्याचा स्वयंपाक शेगडीवर, भाकरी चुलीवर, आणि पौषाच्या थंडींत आंघोळीचें पाणी पऱ्हाटीवर, अशी वांटणी पुष्कळ घरांनीं आपापल्या हिशेबानें करून घेतली. आणि कपाशी निघाली कीं परसांत गंज पुन्हा रचली जाते.