सुरतेचा बैल आणि लंडनची जीप

चारही चाकांना ओढ असलेली जुनी गाडी, खिशाला परवडणारी आणि वाटेत दगा न देणारी, कोणती घ्यावी? सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत घर किंवा बागायत असलेल्या माणसांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. पावसाळ्यात लाल मातीची पाणंद चिखलाने भरली की साधी गाडी जागच्या जागी चाके फिरवत राहते. नवी फोर-बाय-फोर घ्यायची तर किमती डोळे पांढरे करणाऱ्या. मग जुन्या बाजाराची वाट धरावी लागते, आणि त्या बाजारात कोणी कोणाचा नसतो.

प्रश्न मोटारीचा असला तरी मोटारीहून फार जुना आहे. खडतर वाटेवर भरवशाचे वाहन कसे पारखावे याचा विचार आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शतकानुशतके चालला आहे. त्याची सर्वांत मौजेची नोंद सापडते ती सुरतेच्या संदर्भात.

ज्याँ बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात सहा वेळा पूर्वेकडे आला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. सुरत हे तेव्हा मोगलांचे मुख्य बंदर. जहाजातून उतरलेल्या व्यापाऱ्यापुढे पहिला प्रश्न असे तो पुढच्या वाहनाचा, आणि ताव्हेर्नियेने याबाबतीत अगदी आजच्या ग्राहकासारखा हिशेब मांडला आहे. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या बैलजोडीला जवळजवळ ६०० रुपये पडले होते. भाड्याने गाडी घेतली तर दिवसाला सुमारे एक रुपया. सुरत ते आग्रा पस्तीस-चाळीस दिवसांची मजल, तिचे भाडे चाळीस ते पंचेचाळीस रुपये.

या आकड्यांचा अर्थ काय? त्याच पुस्तकात बरोबर घ्यायच्या हत्यारबंद शिपायाचा पगार महिना चार रुपये सांगितला आहे. म्हणजे एक उत्तम बैलजोडी ही एका शिपायाची साडेबारा वर्षांची कमाई! ज्याला वर्षातून एकदाच आग्र्याला जायचे, त्याने ६०० रुपये गुंतवण्यात शहाणपण नव्हते. जो महिनोन् महिने रस्त्यावरच राहणार, त्यालाच मालकी परवडे. विकत घ्यावे की भाड्याने, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे, एवढे सुरतेच्या व्यापाऱ्याला तेव्हाही कळत होते.

पुढे तो पारख सांगतो. बसायला बैल घ्याल तर शिंगे फूटभराहून लांब नसावीत. माशी चावली की बैल मान मागे झटकतो आणि लांब शिंग स्वाराच्या पोटात घुसते, असे अनेकदा घडल्याचे तो लिहितो. जनावर देखणे आहे की नाही हा विचार नंतरचा. बिघडले तर कोणाचे काय जाईल हा आधीचा. खुराकाचेही तसेच. चांगल्या बैलांना मधल्या मुक्कामावर गव्हाच्या पिठाचे, तूप-गूळ घातलेले गोळे, आणि संध्याकाळी भिजवलेले भरडलेले हरभरे. म्हणजे खरेदीची किंमत वेगळी आणि रोजचा खर्च वेगळा. पत्री मात्र नेहमी मारीत नसत. दगड आणि उन्हाने खूर खराब होतील अशा खडतर वाटेपुरतीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत येऊ.

अवजड मालाच्या गाड्यांना दहा-बारा बैल जुंपत. प्रत्येक गाडीबरोबर चार माणसे, दोन्ही अंगांना दोन-दोन. गाडीवरून आडवे दोर टाकलेले असत आणि वाईट जागी गाडी कलू लागली की विरुद्ध बाजूची माणसे दोर ताणून ती सावरून धरीत. आज जे काम यंत्राकडून होते ते तेव्हा माणसाच्या खांद्याने होत असे.

आणि सुरतेहून गोव्याला यायचे असेल तर? इथे ताव्हेर्नियेचा सल्ला वेगळाच आहे. खुष्कीची वाट, विशेषतः दमण ते राजापूर, फार वाईट, म्हणून बहुतेक प्रवासी वल्ह्यांची होडी करून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्याला येतात. चाच्यांचे भय असूनही! आपला कोकण ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. खाड्या आणि घाट यांच्यापुढे बैलाची निवड कितीही चोख केली तरी उपयोग नव्हता.

बैलानंतर घोडा. गोव्याच्या इतिहासात घोड्यांच्या व्यापाराला मोठे स्थान आहे. होर्मुझकडून आलेले अरबी-इराणी घोडे इथल्या बंदरांत उतरत आणि विजयनगरला व आदिलशाहीला जात. पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर हा व्यापार हाती ठेवण्याची धडपड केली ती याच कारणाने. फेर्नाव नुनीझ हा स्वतः घोड्यांचा व्यापारी होता. विजयनगरच्या साळुव नरसिंहाबद्दल तो सांगतो की हा राजा मेलेल्या घोड्यांचेही पैसे चुकते करी. समुद्रात घोडा दगावला तर व्यापाऱ्याने नुसती शेपटी आणून दाखवायची! घोड्यांचा पुरवठा तुटू नये म्हणून राजाने जोखीम स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. राजाला हे परवडले. तुम्हाआम्हाला शेपटीचे पैसे देऊन चालणार नाही.

उत्तरेत फसवणुकीवर दुसरा उपाय होता, तो डागाचा. सरदार हजेरीला चांगला घोडा दाखवीत आणि मोहिमेवर मरतुकडा पाठवीत, किंवा एकच घोडा दोनदा मोजून घेत. म्हणून अल्लाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग द्यायची पद्धत लावली, शेरशहाने ती पुन्हा आणली आणि अकबराने पक्की केली. आजचा चासी नंबर म्हणजे हाच डाग. कागदावर एक जनावर आणि तबेल्यात दुसरे, हा प्रकार जुनाच.

मराठ्यांनी मात्र निवडीचा निकषच बदलला. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून गेले, शहर लुटले आणि मोगलांची मोठी कुमक पोचायच्या आत लूट घेऊन राजगडाकडे परतले. ऑक्टोबर १६७० मध्ये पुन्हा तेच. महागड्या अरबी घोड्यांच्या जोरावर मराठी फौज उभी नव्हती. दख्खनी तट्टू ठेंगणे, काटक, थोडक्या चाऱ्यावर जगणारे आणि डोंगरात पाय न चुकवणारे. मुलुख कसा आहे हे ओळखून वाहन निवडले की कमी पैशांत काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

आता जीपकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या आणि युद्ध संपल्यावर जगभर त्या जुन्या बाजारात आल्या. त्याच काळात स्वतंत्र भारताने जुन्या फोर-बाय-फोर गाड्यांची एक खरेदी केली, ती आजही विसरली गेलेली नाही. १९४८ साल, काश्मीरचे युद्ध चालू, सेनेला जीप हव्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा करार केला. रक्कम सुमारे ८० लाख रुपये. मोठा हिस्सा आगाऊ गेला आणि भारतात १५५ जीप उतरल्या, त्याही सेनेच्या कामाच्या नव्हत्या. संसदेत वादळ झाले. चौकशीची मागणी होत राहिली आणि ३० सप्टेंबर १९५५ रोजी सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले.

गोमंतकीय वाचकाला या कथेचा उत्तरार्ध वेगळा सांगायला नको. हेच मेनन डिसेंबर १९६१ मध्ये संरक्षणमंत्री होते आणि गोवामुक्तीची कारवाई त्यांच्याच कारकिर्दीत झाली. पोर्तुगीजांनी माघार घेताना पूल उडवले, तेव्हा भारतीय सैनिक १९ डिसेंबरला मांडवी ओलांडून पणजीत आले ते होड्यांनी. ताव्हेर्नियेने सांगितले होते तेच! गोव्यात पाणी आडवे आले की चाकाची मिजास उतरते.

या सगळ्यातून आजच्या ग्राहकाने काय घ्यावे? पहिले म्हणजे पत्रीची गोष्ट. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, महिंद्रच्या जुन्या जीप, यांची फोर-व्हील ड्राइव्ह खडतर वाटेपुरतीच लावायची असते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मधे डिफरन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरावर हा फरक टायर आणि गिअर सोसतात. रेनो डस्टरच्या ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये (आपल्याकडे २०१४ पासून) हा विचार यंत्रच करते; पण बिघडल्यावर गल्लीतल्या मेकॅनिकचे तिथे फारसे चालत नाही. जिप्सी पेट्रोल पिते, मागे बसणाऱ्याची हाडे मोकळी करते, पण हलकी आहे आणि तिचा दुरुस्तीवाला सापडतो. दख्खनी तट्टूच म्हणा ना.

दुसरे, पैसे देण्याआधी पाहणी. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. फोर-व्हील लिव्हर, लो रेंजसकट, मातीच्या रस्त्यावर स्वतः लावून पाहावा; विकणारा टाळू लागला तर समजावे. गाडीखाली वाकून चासीचा गंज बघावा, कारण किनाऱ्यावरचा खारा वारा आधी तिथेच खातो. गिअर आणि ॲक्सलचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे.

तिसरी गोष्ट पुन्हा सुरतेची. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाच्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. अशा पुरात बुडालेल्या गाड्या, मग त्या कुठल्याही शहरातल्या असोत, धुऊन-पुसून दूरच्या बाजारात स्वस्तात येऊ शकतात. सीटखालचे रूळ गंजलेले, गालिच्याखाली ओल, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, या खुणा लपत नाहीत. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि गोव्यात भरायचा रस्ता कर किमतीत धरावा. चासी नंबर कागदाशी स्वतः ताडून पाहावा. अकबराच्या बक्षीने घोडा तसाच पाहिला असता.

आणि शेवटी तोच सुरतेचा हिशेब. वर्षातले दहा दिवस पाणंदीत चिखल होतो म्हणून उरलेले ३५५ दिवस तूप-गुळाचे गोळे चारायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या दहा दिवसांत आजारी माणसाला इस्पितळात न्यायचे असेल तर उत्तर एक येईल. हौस असेल तर दुसरे. हौसेलाही हरकत नाही म्हणा, फक्त शिंगांची लांबी बघून घ्यावी.