रिलायन्स कम्युनिकेशन्स : बिनतारी सेवेचा अस्त

नवी मुंबईतील कोपरखैरणे येथे मुख्यालय असलेल्या या कंपनीने 2002 मध्ये सीडीएमए, म्हणजे एकाच लहरपट्ट्यातील प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र संकेत देणाऱ्या तंत्रावरील, सेवा सुरू केली आणि 2003 मध्ये सुरुवातीला केवळ 501 रुपये भरून हँडसेट देणाऱ्या ‘मान्सून हंगामा’ योजनेने मोबाइल सामान्य घरांत नेला. हे तिचे मोठे योगदान होय. पुढे सुमारे 45,000 कोटींचे कर्ज आणि 2016 पासूनची दरस्पर्धा यांमुळे 2017 अखेर कंपनीची बिनतारी सेवा बंद पडली. यंत्रसामग्री पुरवठादारही त्यात होरपळले : जाळ्याची देखभाल करणाऱ्या एरिक्सनने थकबाकीसाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात धाव घेतली, 550 कोटींवर तडजोड झाली, तीही न पाळल्याने फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्ष अनिल अंबानी यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले आणि मार्चमध्ये ही रक्कम चुकती झाली.