रामदास (आगबोट)

मुंबई व कोकण किनाऱ्यावर उतारूंची ने-आण करणारी वाफेवरची बोट. बांधणी १९३६, स्वान हंटर कंपनी, इंग्लंड. लांबी १७९ फूट, रुंदी २९ फूट, वजन सुमारे ४०६ टन. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईहून रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आज तिचे नाव या अपघातामुळेच घेतले जाते. पण तिच्या मागे कोकणच्या आगबोटींचा मोठा इतिहास आहे आणि तो जाणल्याशिवाय त्या सकाळचाही उलगडा होत नाही.

कोकणात खाड्या जागोजाग रस्ता तोडत. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्याला घर गाठायला बोटच सोयीची. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत जाई. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी आणि ट्रंका, बोचकी, पोरेबाळे हेलकावणाऱ्या पडावांत उतरत. पावसाळ्यात हा लांबचा मार्ग बंद राही. उरण, रेवस, धरमतर यांसारख्या जवळच्या फेऱ्या मात्र भर पावसातही चालत.

हा धंदा बराच काळ इंग्रजी भांडवलाच्या हाती होता. स्वदेशीच्या चळवळीत त्याला देशी उत्तर उभे राहिले. तुतीकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली, तर कोकणात सहकारी कंपनी निघाली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना संतांची नावे देण्यामागे उतारूंचा विश्वास मिळवण्याचा हेतू होता. ‘तुकाराम’ त्यांतलीच. नोव्हेंबर १९२७ मधल्या वादळात ती आणि ‘जयंती’ या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या. धोक्याची जाणीव किनाऱ्याला होती, ती अशी.

‘रामदास’ १७ जुलै १९४७ च्या सकाळी आठच्या सुमारास सुटली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या संपायची होती, त्यामुळे गावी निघालेल्यांची गर्दी होती. बंदर सोडताच वारा-पाऊस वाढला. वाचलेल्यांच्या सांगण्यानुसार पाणी आत येताच घाबरलेले उतारू एका बाजूला सरकले, बोट कलंडली आणि पाठोपाठ आलेल्या मोठ्या लाटेने ती उलटली. निघून अर्धा-पाऊण तासच झाला होता. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, म्हणून मुंबईला कितीतरी तास पत्ता लागला नाही. टायटॅनिकच्या उतारूंना १९१२ मध्ये वाचवणारी ‘कार्पेथिया’ही स्वान हंटरचीच बोट. ती धावून आली बिनतारी हाक ऐकून. त्या घटनेनंतर चोवीस वर्षांनी बांधलेल्या उतारू बोटीवर ही सोय नसावी, यात आर्थिक काटकसरीचा भाग असेलही, पण ते समर्थनीय ठरत नाही.

जी माणसे वाचली, त्यांतल्या बऱ्याच जणांना रेवस परिसरातल्या कोळ्यांनी वाचवले. ते मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. माणसांना जागा व्हावी म्हणून त्यांनी ती समुद्रात टाकली. या दुर्घटनेच्या कोणत्याही नोंदीत हे पहिल्या ओळीत यायला हवे.

पुढे ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटी धावल्या. मग रस्ते सुधारले, खाड्यांवर पूल झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. भाऊचा धक्का ते रेवस हा जलमार्ग मात्र लाँचच्या रूपाने टिकून राहिला, आणि २०२० पासून जवळच्या मांडव्याला मोटारींसह जाणारी रो-रो बोटही सुरू झाली.